मला ते पाणी नको

मी खैरटेकची बावडी बोलतेय. हो, तीच, खिंडीजवळची, जिच्या पायऱ्यांवर हल्ली बकऱ्या रवंथ करत बसतात. आत डोकावू नका, काही दिसायचं नाही. पाणी होतं तेव्हा लोक वाकून स्वतःचं तोंड बघायचे. आता वाकतात ते थुंकायला. बसा त्या वरच्या पायरीवर, तिथे जरा सावली असते.

तुम्ही नागपूरहून आलात ना? मग रस्ता पाहिलाच असेल. आधी कापूस, मग संत्र्याचे बगीचे, मग सागाचं रान, आणि एस्टी पहिल्या गिअरवर रडायला लागली की समजायचं, खैरटेक आलं. सातपुड्याचं हे शेवटचं टोक. डोंगराच्या या उतारावर गाव, खिंडीपलीकडच्या उतारावर खालची टोली, म्हणजे गावाबाहेरची वस्ती, आणि मधे मी.

मला गोंड राजानं खोदलं म्हणतात. कुणी म्हणतं भोसल्यांच्या घोड्यांसाठी खोदलं. खरं सांगू? मला खोदलं ते मजुरांनी, आणि त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. पुढे एक इंग्रज साहेब आला. त्यानं डोंगरातला काळा, जड दगड हातात घेऊन तोलला आणि गावाचं नशीबच फिरलं. मँगनीजची खदान सुरू झाली. तेव्हापासून या गावात भाकरी डोंगर फोडून मिळते.

पण माझ्या पाण्यावर खरा जीव होता तो पानमळ्यांचा. गावातले बरई लोक पिढ्यान्‌पिढ्या नागवेल लावत आले. कपुरी पान, नागपूरच्या बाजारात नाव काढणारं! पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही, देवघरच ते. वेल मोठी लाडावलेली जात. उन्हाळ्यात रोज पाणी हवं, एक दिवस चुकलं की मान टाकते. सगळ्यात सुंदर मळा बायजाबाईचा. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. ती वेलींशीच बोलायची. "काहून रुसली वं? आणते ना पाणी," म्हणत घागरीमागून घागर नेऊन ओतायची. तिच्या पायांनी माझ्या पायऱ्या झिजल्या, आणि मला त्याचं कौतुकच होतं.

आता नको ती गोष्टही सांगते. टोलीतल्या लोकांना माझ्या पायऱ्या बंद होत्या. ते लांब त्या चपट्या दगडापाशी घागरी ठेवून उभे राहायचे. गावातल्या कुणाला दया आली तर वरून ओतायचा, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत ताटकळायचे. छप्पन साली टोलीतली माणसं नागपूरला दीक्षा घ्यायला गेली. परत आली ती ताठ मानेनं. त्यानंतर त्या दगडापाशी कुणीच आलं नाही. नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटी-वाटीनं पाणी काढलं, पण मागितलं नाही. गाव म्हणालं, "मस्ती आली." मी म्हणाले, शाब्बास! अर्थात माझं कोण ऐकतं?

मग तो त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. बाप्पा, काय तो उन्हाळा! पाणी माझ्या शेवटच्या पायरीखाली गेलं. बायजाबाईच्या वेली पिवळ्या पडायला लागल्या. बाई वेडीपिशी झाली.

तुमच्याकडे पाणी आटलं तर लोक काय करतात? गाळ काढतात, देवाला साकडं घालतात. खैरटेकवाल्यांची तऱ्हाच वेगळी. खदानीचं गाव ना! घराचा पाया लागत नाही? लावा बार. झाडाचं खोड निघत नाही? लावा बार. नाल्यातले मासेसुद्धा यांनी सुरुंग लावून काढले. बायजाबाईचा दीर मार्तंड खदानीत सुरुंगाच्याच कामावर होता. ती त्याच्याकडे गेली.

"भाऊजी, माह्या वेली मरून राहिल्या. बावडीच्या बुडाले एक बार लावा ना."

मार्तंड कचरला. "वहिनी, जुनी बावडी हाये. सरपंचाले विचारा लागन."

सरपंच मनोहरराव नको कशाला म्हणतील? त्यांनी नारळ फोडला, मला हळदकुंकू वाहिलं आणि बाजूला झाले. अरे, पण मला तर विचारा! माझा तळ म्हणजे एक अखंड दगड, परातीसारखा. त्या परातीनं डोंगराचं पाणी माझ्यात धरून ठेवलं होतं. तिच्याखाली सगळे थर टोलीच्या बाजूला कललेले. परात फुटली की पाणी थांबणार कुठे? मी ओरडून सांगत होते, पण थांबून ऐकल्याशिवाय विहिरीचा आवाज माणसाला कळत नाही, नुसता घुमतो.

बार उडाला. डोंगर हादरला. दगड खाली बसले आणि चिरेतून पाणी असं उसळलं की विचारू नका. बायकांनी फुगड्या घातल्या. मार्तंडला खांद्यावर घेऊन मिरवलं. बायजाबाई पदर तोंडाला लावून रडत होती, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन उतरली तेव्हा माझ्यात चिखल होता. तोही दुपारपर्यंत वाळला.

आणि त्याच दुपारी खिंडीपलीकडे, टोलीच्या वरच्या खडकातून, झरा फुटला. थंड, गोड, माझंच पाणी. टोलीत म्हणे पोरं कपड्यांसकट नाचली. म्हाताऱ्या आनंदरावांनी ओंजळ भरून घेतली आणि कितीतरी वेळ प्यायलेच नाहीत, नुसती बघत राहिले.

गाव मार्तंडवर तुटून पडलं. कालपर्यंत खांद्यावर घेतलेला माणूस, त्याला शिव्या देऊन देऊन गाव सोडायला लावलं. बायजाबाई ओरडून सांगायची, "म्याच म्हटलं होतं गा त्याले!" पण गावाला एक माणूस हवा होता, तो मिळाला होता.

आता पाण्याला जायचं कुठे? खिंड ओलांडून टोलीत, दुसरीकडे कुठे! पहिले काही दिवस कुणी धजेना. शेवटी बायजाबाई निघाली. परत येताना माझ्या पायरीवर भरली घागर टेकवून बसली आणि हुंदके देत मला सगळं सांगितलं. झऱ्यापासून लांब ती खाली मान घालून उभी राहिली होती. आनंदरावांची सून प्रेमिला धुणं धूत होती. तिनं वर पाहिलं.

"उभी काहून वं बाई? ये ना खाली."

"कोणी भरून देईन म्हटलं..."

"इथं कोणी कोणाले वरून ओतून देत नाई. आपल्या हातानं भर."

एवढंच. टोमणा नाही, हिशेब नाही. घागर डोक्यावर चढवायला हातही लावला म्हणे. बायजाबाई सांगत होती आणि मी ऐकत होते, आणि कोरडी असूनही मला भरून आलं.

मग वर्षं अशीच गेली. गावच्या बायका टोलीचं पाणी भरत होत्या आणि घरी आल्यावर त्या विषयावर गप्प बसत होत्या. बायजाबाईचा मळा काही वाचला नाही. डोक्यावर आणून आणून किती आणणार? तिनं एका कोपऱ्यातल्या वेली तेवढ्या जगवल्या. कधीमधी प्रेमिला एक घागर घेऊन तिच्यासोबत खिंड चढायची. मळ्याच्या दाराशी प्रेमिला पहिल्यांदा थबकली, तेव्हा बायजाबाई म्हणाली, "चप्पल काढ अन् ये अंदर. दुसरा काई नेम नाई." बरईवाड्यात त्यावरून महिनाभर कुजबुज झाली. होऊ द्या म्हणावं!

गेल्या वर्षी खांब रोवले गेले आणि खैरटेकला वीज आली. मनोहररावांच्या डोक्यातही दिवा पेटला. माझ्याच पायऱ्यांवर सभा भरवली. झऱ्यावर मोटर बसवायची, खिंडीवरून पाइप टाकायचा आणि पाणी परत बावडीत आणायचं. "आपलं पाणी आपल्या घरी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोलीला कुणी बोलावलंच नव्हतं. आनंदराव आपणहून आले होते, मागे उभे होते.

"अन् आमी काय प्याचं, सरपंच?" त्यांनी विचारलं.

"उरन ते तुमचंच हाये ना, आनंदराव. आमी काय स्वतःसाठी करून राहिलो? त्या बिचाऱ्या बायजाबाईचा मळा पाहा."

बायजाबाई उठली.

"माह्या मळ्याचं नाव नका घेऊ, मनोहरराव. मळा माहा हाये. वाळला त वाळला. ज्यायनं मले पाणी देल्लं त्यायच्या तोंडचं काढून माह्या वेलीले नको."

तरी मोटर बसलीच. त्यानंतर बायजाबाईच्या जातवाल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आता तिच्यानं घागरी वाहवेनात, आणि याच उन्हाळ्यात तिच्या कोपऱ्यातल्या वेलीही गेल्या. वाळलेली एक वेल हातात घेऊन ती इथे बसली होती. रडली नाही. तेच मला जास्त लागलं.

मोटर सुरू झाली त्या दिवशी पुन्हा नारळ, पुन्हा गुलाल. पाइपातून पाणी धो धो माझ्यात पडलं. पलीकडे झरा आटला आणि टोलीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या. गाव वाकून बघत होतं, भरते की नाही, भरते की नाही. मोटर दिवसभर घरघरली. माझ्यात गुडघाभरही साचलं नाही. संध्याकाळी मोटर बंद झाली आणि तेवढंही चिरेतून उतरून गेलं. जिथून आणलं होतं तिथेच, प्रेमिलाच्या दारात.

हसू नका. मला हसू आलं होतं, पण आता भीती वाटते. कारण सिमेंटची पोती येऊन पडली आहेत, ती बघा तिथे, ताडपत्रीखाली. उद्या गवंडी उतरणार आणि माझी चीर बुजवणार. मी दगडाची बाई, मला हात नाहीत, गवंड्याला अडवू शकत नाही. तुम्ही परक्या गावचे आहात, तुमचं कदाचित ऐकतील. जाऊन एवढं सांगा मनोहररावांना: बावडीला तहान लागत नाही. तहान लागते माणसाला. बायका खिंड उतरून जातात ते बरं आहे, जाऊ द्या. पाइपच टाकायचा असेल तर टोलीला विचारून टाका, तिच्या गरजेइतकं तिच्याकडे ठेवून टाका. आणि माझ्या तळाला हात लावू नका. एवढ्या वर्षांत कुणाच्या दयेशिवाय माझ्याकडून टोलीला पाणी गेलं ते या एका भेगेतून. ती तेवढी राहू द्या.