डुकराच्या मागची माती

सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी गोळी सुटली. एकच. शेवटच्या बांधावर उभं असलेलं रानडुक्कर उडी टाकून कारवीत शिरलं आणि हौशीराम बांबूच्या माळ्यावर उजवा खांदा धरून बसून राहिला.

वेळ त्याने पाहून ठेवली होती. रानडुक्कर मारायची पंधरा दिवसांची परवानगी हातात देताना वनरक्षक चैताली मॅडमनी बजावलं होतं, बार काढला की वेळ लिहायची, जनावर पडलं तर हात लावायचा नाही, आधी मला फोन. त्याने खिशातल्या डायरीत पेन्सिलीने ६.१२ लिहिलं. मग समोर पाहिलं आणि पुढचं लिहायचं राहून गेलं.

धरणाच्या पाण्यावरचं धुकं मधोमध फाटलं होतं. डुक्कर जिथं उभं होतं, बरोबर त्या रेषेत, बांधापलीकडे खोल खाली पाण्याकाठी काहीतरी नारिंगी दिसत होतं. धुकं आणखी सरकलं तसे दोन झाले, मग चार, मग सात. संदेशचे तंबू.

संदेश त्याचा मुलगा. पवनानगरच्या अलीकडे, पाण्याला लागलेल्या त्यांच्या जमिनीत तो पाच वर्षं तंबू लावत होता. शनिवार-रविवार पुण्यामुंबईची माणसं येत, चुलीवरचं जेवत, पाण्याकाठी झोपत. आजवर हे तंबू ओढ्यापलीकडे, चिंचेपाशी असत. दिवाळीनंतर गर्दी वाढली म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यातले पंधरा अलीकडे, टेकाडाखाली आणले होते. हौशीरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. खुंट्या ठोकायला तो स्वतः गेला होता. पण धुक्यात डुक्कर पुढ्यात आल्यावर त्याच्या लेखी तिकडं पाणीच होतं. चाळीस वर्षं तिकडं पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

त्याने रायफल फळीवर ठेवली. ठेवल्याचा आवाजही झाला नाही, इतकी ती हलकी होती.

वाडीत बंदुकीचा परवाना त्याच्या एकट्याकडे. पीकसंरक्षणाचा, बापाच्या वेळेपासूनचा. त्यावर एक दुनळी होती, साडेतीन किलोची. तिचे छर्रे शंभर पावलांच्या पुढे दम सोडत. तरीही बापाने एक नियम घालून दिला होता: डुकराच्या मागं माती दिसल्याबिगर चाप वढायचा न्हाई. म्हणून माळा कायम भाताच्या खाचरांच्या खालच्या अंगाला बांधायचा आणि तोंड डोंगराकडे ठेवायचं. नेम चुकला तर गोळी डोंगराच्या पोटात.

गेल्या साली बांधावरून पडून हौशीरामचा खांदा निखळला. बसला, पण दुनळी उचलली की हात थरथरायचा. त्या हंगामात डुकरांनी वाडीतली पाच खाचरं लोळवली. लोकांनी बोलून दाखवलं नाही. नुसतं विचारत, "खांदा कसाय, आबा?" ते जास्त झोंबायचं.

संदेशने मनावर घेतलं. लोणावळ्याला तुंगार्लीत एका बंगल्यात राजेश्वरी मॅडम म्हणून एक बाई राहत. त्यांचे यजमान वारले होते आणि त्यांची एक परदेशी रायफल विकायची होती. अडीच किलोला थोडी कमी, वर दुर्बीण बसवलेली. किंमत पावणेपाच लाख. डीलरकडून रीतसर कागद होणार होते. परवान्यावर एकाच हत्याराची नोंद असल्याने दुनळी त्याच डीलरकडे जमा करायची होती.

बंगल्याच्या ओट्यावर संदेश फोन आला म्हणून बाजूला गेला, तेव्हा राजेश्वरी मॅडमनी हौशीरामला विचारलं होतं, "काका, तुम्ही डोंगर चढता का हो बंदूक घेऊन?"

"न्हाई. माळ्यावर बसतो."

"मग एक सांगू? मला विकायचीय, तरी सांगते. आमचे हे बाहेरच्या देशात जायचे, दिवसदिवस बर्फाचे डोंगर चढायचे. त्यासाठी ही घेतली. ते म्हणायचे, हलकी बंदूक चालणाऱ्याची, जड बंदूक बसणाऱ्याची. हलकी असते ना, ती हातात ठरत नाही आणि धक्का दुप्पट देते. तुमच्या खांद्याचं बघा. आणि हिची गोळी फार लांब जाते."

हौशीरामने मान डोलावली. संदेश परत आला. त्याच्या चेहऱ्यावर, लहानपणी जत्रेतून बापासाठी टोपी आणली होती तेव्हाचा आनंद होता. हौशीराम म्हणाला, "लय हलकी हाय रं. बेस हाय." बाईंचं बोलणं त्याने पोटात ठेवलं, ते आजवर तिथंच होतं.

कागद व्हायला चार महिने गेले. रायफल आली त्या दिवशी पारावर धोंडिबाने ती हातात घेऊन वरखाली केली. धोंडिबा त्याच्या बरोबरीचा, शेजारच्या खाचरांचा मालक. तोंडाने फाटका.

"हौशा, हिच्यात लोखंड हाय का पापड?"

"काका, नळीला कार्बन फायबर आहे," संदेश म्हणाला.

"आसंल बाबा. पन पावनेपाच लाखात डुकरांना वर्सभर पंगत घातली आसती. पत्रावळी उचलायला मी आलो आसतो."

सगळे हसले. हौशीरामही हसला. दोन दिवसांनी नेमबाजीच्या मैदानावर त्याने दोन गोळ्या झाडून पाहिल्या आणि खांद्यावर उमटलेला काळानिळा डाग बायकोला, कस्तुराबाईलाही दाखवला नाही. त्यानंतर चाप ओढायच्या आधी त्याचा खांदा आपोआप मागे सरायला लागला, आणि खांदा सरला की नळी वर जायची.

नवा माळा संदेशनेच बांधून घेतला. वरच्या अंगाला. "आबा, आता दोनशे पावलांवरचं दिसतंय. वरून सगळी खाचरं एका नजरेत. खाली कशाला बसायचं?"

"वरनं तोंड पान्याकडं व्हतंय," हौशीराम म्हणाला होता.

"पाण्यात कोण मरतंय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माणसाने पावणेपाच लाखांचं प्रेम केलं की त्याने बांधलेल्या माळ्याला नावं कशी ठेवायची? तंबू तेव्हा अजून चिंचेपाशीच होते.

सहा वाजून सतरा मिनिटांनी फोन वाजला. संदेश होता.

"आबा, आवाज ऐकला. पाडलं का?"

"संदेश, मान्सं मोज."

"काय?"

"तंबूतली मान्सं मोज. एकूनएक. आत्ता."

संदेशचा आवाज निराळा झाला. "कोणत्या बाजूला मारली?"

"तुज्याच."

"लागली ना पण? डुकराला लागली ना?"

"म्हाईत न्हाई. खांदा सरला."

"दुर्बिणीतून बघा ना आबा, तिथून सगळं दिसतंय. कुणी पडलंय का, बघा."

हौशीरामने रायफलीकडे पाहिलं. दुर्बीण रायफलीलाच पक्की बसवलेली होती. वेगळी निघायला अवजार लागायचं आणि ते अवजार घरी कपाटात होतं.

"बंदूक रोखून मान्सं बघू व्हय रं?" तो म्हणाला.

मग त्याने चैताली मॅडमना फोन लावला. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा, मी निघाले. तासभर लागेल. पोलिसांना मी कळवते. तुम्ही माळ्यावरून उतरू नका. बंदुकीतलं काडतूस काढा आणि नंतर तिला हात लावू नका. कुठून, कुठं बार काढला, ते मला तसंच बघायचंय."

काडतूस काढून तो बसून राहिला. चार बांबूंवरच्या साडेचार फूट फळीवर, शेजारी वाडीतली सगळ्यात महागडी वस्तू. तंबू पाऊण किलोमीटरवर. नुसत्या डोळ्यांनी माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. त्या मुंग्या तंबूंतून बाहेर येत होत्या, गोळा होत होत्या. कोण उभं आहे, कोण आडवं, काही कळत नव्हतं. हात लांब केला असता तर सगळं कळलं असतं.

साडेसहाला धोंडिबा विळा घेऊन खाचरातून वर आला.

"हौशा! कुटंय नवरदेव? मटनाचा वाटा न्हाई म्हन्त्यात, निदान तोंड तरी बघू दे."

"धोंडिबा, बांधावर जा. रगत बघ."

"उतर की लेका."

"मॅडमनी न्हाई म्हनलंय. रगत बघ आदी. खाली तंबू हायेत."

धोंडिबाने मागे वळून खाली पाहिलं. त्याच्या हातातला विळा खाली आला. तो सरळ शेवटच्या बांधावर गेला आणि गुडघ्यांवर बसला. पिकल्या भाताची ताटं एकेक बाजूला करून पाहू लागला. हौशीराम वरून पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला डुकराची इतकी गरज पडली होती. डुकराच्या अंगात गोळी शिरली असेल तर ती तिथंच अडकली असेल. निदान तिचा जोर मोडला असेल. एक थेंब पुरे होता.

धोंडिबा बांधावरून कारवीत शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला.

"खूर उमाटल्यात," तो ओरडला. "उडी मोठी मारलीया."

"रगत?"

"दव लय पडलंय हौशा. धुऊन गेलं आसंल."

"रगत दवानं धुऊन जात न्हाई. खरं सांग."

धोंडिबाने तळहात वर करून दाखवले. ते ओले होते, नुसते ओले.

सात वाजता संदेशची बायको कोमल हिचा फोन आला. तंबूंची वही तिच्याकडे असायची. ती घाईने पण नीट बोलली. "आबा, वहीत त्रेचाळीस आहेत. बेचाळीस सापडले. सगळे धड आहेत. एका तंबूला भोक दिसलं म्हणून मी घाबरले, पण ते जुनं आहे, काडीपेटीचं. सत्यम म्हणून एकजण आहे, पुण्याचा, कंपनीतला. त्याचे मित्र म्हणतात, साडेपाचला कॅमेरा घेऊन सूर्योदय काढायला गेला. पाण्याकाठानं."

"कुनीकडं?"

"आपल्या टेकाडाकडं."

"फोन?"

"बंद लागतोय. तिकडच्या वळणावर रेंज येत-जात असते आबा. रोजच जातात माणसं, आठपर्यंत येतात. हे गेलेत बोट घेऊन."

हे म्हणजे संदेश. हौशीरामला पाण्यावर एक काळा ठिपका काठाकाठाने सरकताना दिसला. टेकाडाच्या सावलीत तो दिसेनासा झाला.

चैताली मॅडम सात पस्तीसला आल्या. बरोबर एक वनमजूर आणि पवनानगरकडचा एक हवालदार. त्यांनी आधी माळ्याचे फोटो काढले, मग शिडीने वर येऊन फळीवर वाकून बसल्या आणि हौशीरामच्या डोळ्याच्या उंचीवरून समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, तुमच्या दुनळीच्या वेळचा पंचनामा मीच केलाय दोनदा. माळा खाली होता तुमचा. खालून वर मारायचात."

"व्हय."

"मग हा वर कुणी बांधला?"

डायरी त्याच्या मांडीवर उघडी होती. ६.१२ च्या पुढे कोरं. हवालदार शिडीच्या पायथ्याशी लिहायला थांबला होता. धोंडिबा खाली मान घालून विळ्याने बांधावरचं गवत उगाचच कापत होता.

"म्या," हौशीराम म्हणाला.

"या खांद्यानं? एकट्यानं?"

"वर बसलो मी, चाप वढला मी. माळा कुनी बांदला त्याचं काय?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते लिहायला सांगितलं नाही. पण त्यावर पुढे काही विचारलंही नाही. "रायफल ताब्यात घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. वनमजुराने ती कापडात गुंडाळून एका हाताने उचलली आणि सहज म्हणाला, "आयला, काहीच वजन नाही हो हिला."

"आता उतरू का?" हौशीरामने विचारलं.

"थोडं थांबा. रेषा घ्यायचीय. तुम्ही बसला होता तसेच बसा."

तो बसला होता तसाच बसला. हात रिकामे होते, तरी मॅडमनी सांगितलं म्हणून बंदूक धरल्यासारखे समोर धरले. वनमजूर बांधावर काठी घेऊन उभा राहिला. मॅडमनी मागून एक डोळा मिटला. हौशीरामच्या मुठीतून काठी, काठीवरून तंबूंच्या कडेचं टेकाडाचं टोक आणि त्याच्या डाव्या हाताला पाण्याकाठचा लांबट काळा खडक. त्या खडकावरून सूर्योदय चांगला दिसतो, असं संदेश पाहुण्यांना सांगत असे.

आठ वीसला संदेशने बोटीतल्या दुसऱ्याच्या फोनवरून कोमलला कळवलं की टेकाडाच्या अलीकडच्या बाजूला कुणी नाही, आता खडकाकडे चाललोय.

आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कोमलने सत्यमचा फोन पुन्हा लावला. या वेळी तो लागला. शेवटपर्यंत वाजला. कुणी उचलला नाही.