डक्टच्या तोंडावरचा पत्रा

तुळशीदासांनी स्वयंपाकघरातल्या पंख्यासमोर पेटती अगरबत्ती धरली आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. हवा बाहेर फेकणारा तो पंखा त्यांनी स्वतः बसवला होता. पाती योग्य दिशेने फिरत होती. तरीही धूर जाळीपर्यंत जायचा, तिथेच घुटमळायचा आणि कडेच्या फटीतून परत आत यायचा.

सुके बोंबील भाजता भाजता पार्वतीबाईंना खोकल्याची उबळ आली. ओट्याचा आधार घेत त्या खाली बसल्या. घरातली हवा खेळती ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी दाखल करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"अवो, पुरे झाला तुमचा पंखा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आपल्या माहुलच्या जुन्या घराला समोरासमोर दोन दारं होती. पुढचं उघडलं की मागचं आपोआप आपटायचं. तिथं कोणी पंखा लावला होता?"

"पंख्याचा दोष नाही. हवेला पुढे वाटच नाही."

तंत्रशाळेतून बाहेर पडल्यावर तुळशीदासांनी उभी हयात कारखान्यांतली हवा खेळती ठेवण्यात घालवली होती. घाटकोपरच्या या इमारतीत स्वयंपाकघर फ्लॅटच्या पोटात होते. त्याची एकुलती एक खिडकी उघडायची ती डक्टमध्ये, तळापासून गच्चीपर्यंत गेलेल्या अरुंद पोकळीत. ती पोकळी वरून उघडी असेल तरच घराला श्वास. खिशात पाना टाकून ते गच्चीवर चढले.

डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकलेला होता. कडेने लोखंडी पट्ट्या, बोल्ट, फटींत सिलिकॉन. काम इतके नेटके होते की त्यांचा संताप दुणावला.

सोसायटीचे सचिव श्यामसुंदर पाण्याच्या टाकीत डोकावत होते.

"हे कोणाचं डोकं?" तुळशीदासांनी विचारले.

"काका, कबुतरं फार झाली होती."

"कबुतरांना जाळी लावतात. सिलिकॉन लावतात तो वास अडवायला."

श्यामसुंदरांनी टाकीचे झाकण सावकाश बसवले. "आता विचारताय म्हणून सांगतो. वरच्या मजल्यांच्या तक्रारी होत्याच, पण पत्रेवाला तुमच्या प्रितमने आणला. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

तुळशीदासांनी मुलाला फोन लावला आणि एवढेच म्हणाले, "गच्चीवर ये."

ऑफिसला निघालेला प्रितम वर आला. पत्र्याकडे पाहताच त्याला सगळे कळले.

"लिफ्टमध्ये लोक आपल्याला बघून नाकाला रुमाल लावतात, बाबा. माझ्या तेजलच्या शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. मग मी वास बंद केला."

"बंद नाही केलास. कोंडलास. तुझ्या आईच्या छातीत."

"मग तिने बोंबील भाजणं सोडावं ना."

"रविवारी ताट पुन्हा पुन्हा पुढे करतोस, तेव्हा नाक कुठे ठेवतोस? आणि डाळीच्या फोडणीनेही ती खोकते. फोडणीही सोडायची?"

प्रितमची मान खाली गेली. "मला वाटलं, तिला दमाच आहे."

"माहुलला रिफायनरीच्या शेजारी जन्म काढला तिने. तेव्हा नव्हता. तुझ्या पत्र्याखाली आला."

त्यांनी पाना चढवला. श्यामसुंदर लगबगीने पुढे आले. "काका, हा विषय आधी सभेपुढे ठेवू या."

"विषय सभेपुढे ठेवा. पत्रा मी बाजूला ठेवतो."

बोल्ट निघत गेले. शेवटचा मात्र पान्याबरोबर गरगर फिरू लागला. खालून नट धरल्याशिवाय तो सुटणार नव्हता.

"धर," तुळशीदास म्हणाले.

प्रितमने आधी इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिले, मग वडिलांकडे. शेवटी तो पालथा झोपला आणि उचकटलेल्या कोपऱ्यातून त्याने काजळी नि कबुतरांच्या विष्ठेत खांद्यापर्यंत हात घातला.

पत्रा सुटताच गरम हवेचा लोट वर आला. तेल, साबण, कोणाच्या तरी फोडणीची मोहरी आणि त्या सगळ्यांवर बोंबील. खालच्या मजल्यावर एक खिडकी धाडकन बंद झाली. मग दुसरी.

"पाहिलंत, बाबा?"

"आपटू दे. खिडक्या त्यांच्या आहेत." तुळशीदास डक्टवर वाकले. "पार्वती, पंखा चालू आहे का?"

"चालू आहे," खालून आवाज आला. "धूर निघाला." त्या आवाजात धाप होती, पण वाक्य अखंड होते.

त्यांनी पत्रा उचलून प्रितमच्या काळ्या हातांत दिला.

"हा खाली तू न्यायचा. लिफ्टने. आणि कोणी नाकाला रुमाल लावला, तर हा कुठून काढला ते त्याला सांगायचं."