परक्या हाताचा दिवा

आमच्या वेसाव्यात घरात मयत झालं की सुतक फिटेपर्यंत देवाला हात लावायचा नाही. दिवासुद्धा भावकीबाहेरच्या कुणीतरी येऊन लावायचा. हे सोनूबाईला मी काय सांगणार? मी तिची नुसती शेजारीण, आणि आमच्या भजनाची म्होरकी तीच. दर सोमवारी तिच्या ओटीवर आम्ही बायका जमायचो. बाजारातली भांडणं टाळ वाजेपर्यंतच टिकायची.

ब्याऐंशीच्या दिवाळीच्या तोंडावर वादळ आलं. बाकीच्या होड्या परतल्या, तिच्या लेकाची, अनंताची आली नाही. मागाहून फळ्या सापडल्या, माणूस नाही. तिचा दीर तुळशीदास म्हणाला, दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकू. सोनूबाईनं त्याला दारातूनच परत लावला. संध्याकाळी उठली, वात वळली, दिवा लावला. तिच्या हातानं दिवा लागतोय तोवर घरात सुतक नाही, आणि सुतक नाही तोवर अनंता जिवंत. एवढं धरून ती बसली.

भजनाच्या बायका एकेक करून गळाल्या. सुतकाच्या घरचा प्रसाद कोण खाणार? मी भर बाजारात सुनावलं, "सुखात टाळ कुटायला सगळ्या पुढं, आता काय गं पाय मोडले तुमचे?" तरी कुणी आलं नाही. मी मात्र रोज जायचे. आम्ही दोघीच अभंग म्हणायचो. मग ती खडीसाखर द्यायची. ती मी तिच्यासमोरच तोंडात टाकायचे.

मागं तिची सून कुंदा उभी असायची. कपाळावर कुंकू, हातात हिरवा चुडा. त्या घरात रडायला बंदी होती. जित्या माणसासाठी रडणं म्हणजे अपशकुन ना! पोरगी वाळत चालली होती. मला सोनूबाईचा संताप यायचा, तरी तिच्यासमोर बसलं की मी टाळच उचलायचे.

शिमगा जवळ आला होता. एका संध्याकाळी आरती चालू असतानाच कुंदा मटकन खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "मला एकदा रडू द्या."

सोनूबाईनं वळूनही बघितलं नाही. आरती पुरी केली आणि रोजच्यासारखी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गेले तर देवापुढं अंधार. समई मात्र घासलेली, तेल घातलेलं, वात वळून ठेवलेली. सोनूबाई देवापासून लांब, उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली होती.

"सगुणा, आज दिवा तू लाव," ती म्हणाली. "माझ्या घरात सुतक हाय."

मी काडी ओढली. ती विझली. पुन्हा ओढली. वातीनं पेट घेतला आणि माझ्या पाठीमागं कुंदानं हंबरडा फोडला.

सोनूबाईनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"रड गं पोरी," ती म्हणाली. "आता तुला कोण अडवत नाय."