डाव्या कडेची खोच

केळ्याचं देठसुद्धा उरलं नव्हतं. बावीस वर्षं पणजोबानं – राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या कासवानं – केळं सालासकट खाऊन देठ तेवढं मागं ठेवलं होतं. आणि आज खाण्याचं मातीचं परळ चाटूनपुसून लख्ख... रखवालदारानं बादली खाली ठेवली. आठ दिवसांच्या रजेत जन्माची खोड जाते होय?

त्यानं कवचाच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं अंगठ्याचं टोक मावेल एवढी खोच होती. होती... आता कड गुळगुळीत.

"डॉक्टरांनी घासून घेतली," कचेरीत गाठल्यावर साहेब मान वर न करता म्हणाले. "आणि काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

इतकं चटकन उत्तर? जणू घोकूनच ठेवलेलं. म्हणजे पणजोबा गेला, आणि लोक हळहळतील म्हणून कुठलं तरी दुसरं कासव गुपचूप आणून ठेवलं – मरणाचीसुद्धा दखल नाही!

पुरावा हवा म्हणून तो माहिती-कक्षात गेला. पणजोबाचा जुना फोटो भिंतीवर होता. रोज त्याच्याखालून जाताना त्यानं कधी नीट पाहिला नव्हता. आज काचेला नाक लावलं. खोच होती.

उजव्या कडेला.

त्यानं डावं-उजवं पुन्हा ताडून पाहिलं. पहिल्या दिवशी किल्ल्या हातात देताना जुना रखवालदार म्हणाला होता, "नीट बघून घे हं, हाच पणजोबा." आणि हसला होता. ते हसणं मायेचं, असं इतकी वर्षं... मग मी कुणाला सांभाळलं?

बाहेर शाळेची सहल आली होती. कठड्याला लोंबकळत एका मुलीनं विचारलं, "काका, माझ्या आईनं लहानपणी पाहिलेला तो हाच ना?"

या प्रश्नाला त्यानं हजारदा डोळे मिटून 'हो' म्हटलं होतं.

"सांगा की काका," बाई म्हणाल्या, "मुलं खोळंबलीत."

"तूच सांग, बाळ. कशावरून ओळखशील?"

मुलीनं कासवाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमच्यावरून!"

पोरं खिदळली. तो वाकला, सवयीनं हात पुढं केला. कासवानं सावकाश मान लांबवून तळव्यावर टेकवली. नवं असतं तर टेकवली असती? पण तेव्हा, तो स्वतः नवा असताना, त्या डाव्या खोचेच्या कासवानंही पहिल्याच आठवड्यात टेकवली होती की...

हात मागं घ्यावासा वाटला. पण मान जड होती – निर्धास्त टाकल्यासारखी.