घाटावरच्या देवळाचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दगडी देऊळ आहे. कोंढा गावाकडून येणारी वाट वैनगंगेला भिडते, तिथे घाटावर उभं आहे. नदी ओलांडणाऱ्याने आधी हात जोडावेत आणि पूर असला तर ओसरेपर्यंत माझ्या आत बसावं, म्हणून मला बांधलं. त्यामुळे मला दार नव्हतंच. मासे धरणाऱ्या आणि लोकांना नदीपार नेणाऱ्या ढिवरांचे डोंगे माझ्या पायरीलाच बांधलेले असत.

शेजारी पूल झाला आणि घाट ओस पडला. इतकी वर्षं कुणी न विचारलेल्या मला एकाएकी मालक फुटले. गावातल्या कवडू पाटलांनी मला भडक रंग फासला, लोखंडी दार बसवलं आणि कुलूप ठोकलं. मासे धरणारी सत्यवती पायरीवर जाळं वाळवत होती. त्यांनी ते लाथेने उडवलं.

"येथं वास नाही पायजे तुमचा."

"आमच्या बापजाद्यानं लोकं पार केले येथून," ती म्हणाली.

"आता पूल हाये. तुमचं काय काम?"

माघात गारपीट झाली. कवडूंची सून उर्वशी चिमुकल्या मुलीला घेऊन शेतातून परतत होती. आडोसा कुठेच नव्हता. मुलीच्या कपाळातून रक्त येऊ लागलं. घाटावरून धावत आलेल्या सत्यवतीने धोंडा उचलला, कुलूप फोडलं आणि दोघींना आत ओढलं. तिच्या स्वतःच्या पाठीवर गारांचे वळ उठले.

दुसऱ्या दिवशी कवडू माणसं घेऊन आले. सत्यवतीला चोर म्हणाले, पोलिसांत देतो म्हणाले. तिने खरं सांगितलं, पण कुणी ऐकेना. सासऱ्याच्या धाकाने उर्वशी घरी काही बोलली नव्हती. आता मात्र ती गर्दीतून पुढे आली.

"मामाजी, ते कुलूप तुमच्या नातीसाठी तोडलं बाईनं. मले द्या पोलिसात."

"तू घरी चाल."

"पह्यले हे दार काढतो, मंग येतो," उर्वशी म्हणाली.

कुणी हलेना. तेव्हा उर्वशी आणि सत्यवती दोघींनीच दार बिजागऱ्यांतून उपसलं आणि नदीत ढकललं.

कवडू अजून सुनेशी बोलत नाहीत. पुलावरून जाताना माझ्याकडे बघून थुंकतात. थुंकू देत.

मित्रांनो, मला रंग नको, कळस नको. तुमच्या गावात माझ्यासारखं कुणी उभं असेल, तर त्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाला उठवू नका. एवढीच माझी काळजी घ्या.