बाबांसाठी बाई

मुलीनं बाबांच्या सदऱ्याचं वरचं बटण पुन्हा काढलं. सकाळपासून हेच चाललं होतं. बाबा बटण लावत आणि ती ते काढत असे.

"आज एक दिवस अजागळ दिसलात तर काही बिघडणार नाही," ती म्हणाली. "असे टापटीप बसलात तर त्या मॅडम म्हणतील, यांना कशाला हवंय कोण!"

बाबांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. "अगं, टॉवेल वाळत घातलास का?" त्यांनी आत आईला हाक दिली. "नसेल तर घाल. चिमटे खिडकीत आहेत."

आजचा दिवस मिळवण्यासाठी मुलीनं पालिकेच्या कचेरीत खेटे घातले होते. घरात एकट्यानं निभत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला पालिका बाई देई, तिचा पगारही भरे. पण त्याआधी कुणीतरी घरी येऊन माणूस खरोखर किती अडलाय ते डोळ्यांनी पाहून जाई. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिचं स्वतःचं घरच ओढाताणीत चाललेलं, त्यात बाईचा पगार कुठून देणार? मंजुरी मिळाली नाही तर वृद्धाश्रमावाचून इलाज नव्हता. तो ती पाहूनही आली होती. जागा स्वच्छ होती, माणसं बोलायला बरी होती, पण पुरुषांची सोय एका मजल्यावर आणि बायकांची दुसऱ्या. ते ऐकल्यावर बाबा जेवता जेवता ताटावरून उठायला गेले होते, आणि उठता येत नाही हे आठवून तसेच बसून राहिले होते.

खरं तर तिला आईचीच जास्त काळजी होती. खुबा मोडल्यापासून बाबा खुर्चीला खिळले होते आणि तिथून दिवसभर त्यांचे हुकूम सुटत. पातेलं उतरव. झाकण ठेव. आता नळ बंद कर. चप्पल पायात घाल, मग दार उघड. जन्मभर कारखान्यात फोरमनकी केलेला माणूस, हाताखालची माणसं सुटली तेव्हा सगळ्यांच्या वाटचं आईच्या वाट्याला आलं, असं मुलगी म्हणायची. शेजारी त्यांना गमतीनं 'रेडिओ' म्हणत. फोनवर आईशी बोलताना मागे तोच आवाज ऐकू आला की मुलीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आई मात्र हूं की चूं न करता सांगितलं तेवढं करत राही. बाई आली की आईच्या कानांना तरी जरा विसावा मिळेल, अशी मुलीला आशा होती.

पाहणीला आलेल्या मॅडम मितभाषी होत्या. त्यांनी बाबांना उभं राहायला सांगितलं. बाबांनी खुर्चीचे हात धरून जोर लावला, अर्धवट उठले आणि धपकन खाली बसले. सोंग करायची गरजच पडली नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम बघवेना, म्हणून मुलीनं मान वळवली.

आंघोळीचं, शौचाला जायचं, रात्री कूस बदलायचं कसं करता, असं मॅडमनी एकेक विचारलं. सगळ्याला बाबांचं एकच उत्तर होतं, "ही करते."

"काकू एकट्या?"

"सांगितलं की सगळं करते," बाबा म्हणाले.

आई चहा टाकायला आत गेली तशी बाबांची मान दाराकडे वळली. पातेलं खालच्या फळीवर आहे, त्यांनी सुरुवात केली. त्यात पाणी घे. पातेलं शेगडीवर ठेव. मॅडम कौतुकानं हसल्या आणि त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा बाबांच्या दंडाला गुंडाळला.

"आता मोजून होईपर्यंत बोलायचं नाही, काका. बोललं की आकडा चुकतो."

"एकच मिनिट, तिला..."

"बाबा, जरा गप्प बसा ना," मुलगी म्हणाली. "आईला चहा करता येतो."

बाबा गप्प बसले. आकडा भलताच वर गेला, म्हणून मॅडमनी त्यांना स्वस्थ बसवून पुन्हा मोजायला घेतलं. घरात अशी शांतता मुलीनं कित्येक महिन्यांत अनुभवली नव्हती. तिला बरं वाटलं. आई कधी नव्हे ते स्वतःच्या मनानं काम करत असेल.

तेवढ्यात बाबांनी मोकळ्या हातानं तिचं मनगट पकडलं. तोंडानं काही न बोलता त्यांनी स्वयंपाकघराकडे डोळे वळवले. पकड इतकी घट्ट होती की ती उठलीच.

आई ओट्याशी उभी होती. शेगडीवर पाण्याचं पातेलं होतं. कळ फिरवलेली होती, पण खाली जाळ नव्हता. लायटर आईच्या हातात होता. मुलीच्या नाकात गॅसचा वास शिरला. तिनं धावत जाऊन कळ बंद केली, खिडकी सताड उघडली.

आई तिच्याकडे बघून ओशाळं हसली.

"अगं, हे काही बोलतच नाहीयेत," ती म्हणाली. "मी केव्हाची थांबलेय."

जो आवाज बंद व्हावा म्हणून मुलगी इतके दिवस धडपडत होती, त्याच आवाजाचं बोट धरून आई घरात वावरत होती. तिला स्वतःची लाज वाटली. लायटर काढून घेऊन तिनं आईला खिडकीशी बसवलं आणि ती बाहेर आली.

मॅडमनाही वास आला होता. पट्टा सोडता सोडता त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं," बाबा म्हणाले. "आधी नुसती नावं विसरायची."

"मला का नाही सांगितलंत?" मुलीनं विचारलं.

"तू तिला इथून हलवलं असतंस." मग ते मॅडमकडे वळले. "माझं काय वाटेल ते लिहा. आंधळा लिहा, वेडा लिहा. पण हिला इथे माझ्याजवळ राहू द्या."

मॅडमनी पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, आता दोघांचंही लिहावं लागेल. मंजुरी काही त्यांच्या हातात नव्हती, पण दिवसभराची बाई द्यावी असं त्या लिहिणार होत्या, आणि शेगडी आजपासून काकूंच्या हाती द्यायची नाही, हेही त्यांनी बजावलं. बाबांनी सगळ्याला मान डोलावली.

"फक्त एक कर," ते मुलीला म्हणाले. "बाई माझ्यासाठी येते, असंच म्हणायचं. तिच्यासमोर."

आई पदराला हात पुशीत बाहेर आली आणि बाबांच्या शेजारी बसली. मुलगी तिच्याकडे वळली.

"आई, बाबांना सांभाळायला बाई मिळेल बहुतेक. दिवसभराची."

आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. "मिळू दे बाई," ती म्हणाली. "यांना माझ्यावाचून काही सुचत नाही, आणि मला एकटीला आता झेपत नाही गं."

"खरं आहे," बाबा म्हणाले. "मला काही सुचत नाही."