मराठी बोलेल त्याच्या गळ्यात

मी एक लाकडी बिल्ला बोलतोय. खडकीतल्या एका इंग्रजी शाळेत, पाचवीच्या फळ्याशेजारच्या खिळ्यावर राहतो. सुतारानं मला गोल कापलं, घासलं, पिवळा रंग दिला, लाल दोरी ओवली. एवढी नटवानटवी पाहून मला वाटलं, आपण बक्षीस आहोत.

पहिल्यांदा ज्याच्या गळ्यात गेलो, तो मुलगा रडायला लागला. बक्षीस मिळाल्यावर कोणी रडतं का? मला काही कळेना.

हळूहळू नियम समजला. वर्गात जो मराठी बोलेल, त्याच्या गळ्यात मी. त्यानं दुसऱ्या कोणाला मराठी बोलताना पकडलं की मी तिकडे. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेन, त्यानं शंभर ओळी लिहायच्या. मुलं एकमेकांच्या डब्यात डोकवायचं सोडून तोंडात डोकवू लागली. पायावर बाक पडून अभिनव "आई गं!" म्हणून ओरडला, तर चौघं मलाच घेऊन धावली. त्याच्या पायाकडे कोणी पाहिलं नाही.

जूनमध्ये मैत्री नावाची नवी मुलगी आली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. वडील दारूगोळा कारखान्यात, घर तिथल्याच क्वार्टरमध्ये. पहिल्याच दिवशी मी तिच्या गळ्यात पडलो.

"अगं, सार्थक आत्ता मराठी बोलला. दे ना त्याला," शेजारची संस्कृती कुजबुजली.

"त्याला रबर हवा होता. मागू पण नको?"

तीन दिवस तिनंच ओळी लिहिल्या. चौथ्या दिवसापासून ती बोलेनाशीच झाली. वर्गशिक्षिका खूश! "बघा, सुधारतेय." मी पुन्हा गोंधळलो. गप्प बसणं म्हणजे इंग्रजी येणं?

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत तिला शून्य मिळालं. पुन्हा असंच झालं तर खालच्या वर्गात बसवू, अशी चिठ्ठी घरी गेली.

मग विज्ञानाला प्रियदर्शनी मॅडम आल्या. ओल्या कपड्यांतलं पाणी कुठे जातं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"इव्हॅपोरेशन!" अभिनव ओरडला.

"व्हाय?"

अभिनव खाली बसला. मैत्रीचे ओठ हलले आणि मिटले.

"मराठीत सांगतेस?" मॅडम म्हणाल्या.

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मैत्री उठली, खिळ्यावरून मला काढलं, स्वतःच गळ्यात घातलं.

"मॅडम, आमचे सॉक्स घरात पंख्याखाली वाळतात. तिथं ऊन नसतं. म्हणजे पाणी उकळावंच लागतं असं नाही. पण पंखा बंद असला तरी ते हळूहळू वाळतात. ते का?"

तीन महिन्यांत एवढं ती पहिल्यांदाच बोलली. मॅडमनी तिचाच प्रश्न तिच्याकडून इंग्रजीत करून घेतला, एकेक शब्द जोडत. अडखळली, पण पोचली.

तेव्हापासून मुलं मला मागून घेऊ लागली. "ए, मला दे ना, मला पण विचारायचंय!" आधी मराठीत शंका, मग तीच इंग्रजीत. ओळी लिहायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी गळ्यागळ्यांतून फिरतोय आणि कोणीच रडत नाही. माझं काम नक्की काय आहे, हे मला आता अजिबातच कळत नाही.

आज पुन्हा तोंडी परीक्षा आहे. मैत्री मला घालून उभी आहे. दारात मुख्याध्यापक, रंगनाथ सर.

"हू गेव्ह यू धिस?" सर गरजले.

 माझी दोरी मैत्रीच्या मुठीत आवळली गेली.

"नोबडी, सर. आय टूक इट. आय हॅव अ डाउट. फर्स्ट मराठी, देन इंग्लिश."

सरांचा हात पुढे आलाय. मला काढून घ्यायला की तिला थांबवायला, कोण जाणे. मैत्रीनं मात्र विचारायला सुरुवात केलीय.

सर, मला खुशाल बंबात घाला. माझी तक्रार नाही. फक्त क्षणभर थांबा. तिचं वाक्य अजून अर्धंच झालंय.